अरोरा नाचला आणि फोटोत नुसता हिरवा लगदा आला? वादळी रात्रीच्या या चुका टाळा

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहराजवळ, क्वालोया बेटावर एर्सफ्योर्डबोट्न नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या फ्योर्डच्या काठावर माझी ती तिसरी रात्र होती. आधीच्या दोन रात्री उत्तरेला अरोराचा, म्हणजे ध्रुवाजवळच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचा (नॉर्दर्न लाइट्स), फिकट, संथ पट्टा दिसला होता आणि शटर १५ सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० या सेटिंग्जवर फोटो चांगले आले होते. तिसऱ्या रात्री भूचुंबकीय वादळ आलं, म्हणजे सूर्याकडून आलेल्या झोताने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. पट्टा बघता बघता फुटला, पडदे डोक्यावरून सळसळत गेले, त्यांच्या खालच्या कडेला गुलाबी झालर चमकली. मी शटर दाबत राहिले. सेटिंग्ज मात्र तीच. खोलीवर येऊन लॅपटॉपवर पाहिलं, तर एकाही फोटोत पडद्याची एकही चुणी नव्हती.

वादळी रात्री सगळ्यात जास्त फोटो याच चुकीमुळे वाया जातात. शांत रात्रीचा अरोरा मंद असतो आणि हळू सरकतो, त्याला ८ ते १५ सेकंद चालतात. वादळात तो कितीतरी पट तेजस्वी होतो आणि एका सेकंदात जागा बदलतो. तेवढ्या वेळात कॅमेरा सगळ्या हालचाली एकावर एक रंगवतो आणि चुण्यांची जागा धुरकट हिरव्याने भरून जाते. म्हणून पडदे हलायला लागले की आधी शटर ३ सेकंदांवर आणा. प्रकाश थेट डोक्यावर येऊन किरण चहूबाजूंना फाकले, तर १ सेकंद किंवा त्याहून कमी. ॲपर्चर उघडंच ठेवा, आयएसओ १६०० ते ३२००च्या आसपास राहू द्या. थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तरी चालेल, तो नंतर कमी करता येतो. मिसळून गेलेल्या चुण्या कुठल्याच सॉफ्टवेअरमधून परत मिळत नाहीत.

ही चूक तिथल्या तिथे लक्षात का येत नाही? कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कॅमेऱ्याचा स्क्रीन फार उजळ दिसतो आणि त्यावरचा फोटो छानच वाटतो. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा आणि दर काही फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख पाहा, तोही प्रत्येक रंगाचा वेगवेगळा. अरोराचा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंमधून साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर येतो आणि कॅमेऱ्यात हिरवा चॅनेलच आधी भरून सांडतो. तो उजव्या कडेला चिकटला असेल, तर शटर अजून कमी करा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये शूट करा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो आणि नेमका तेव्हाच डोक्यावर कळस होतो.

दुसरी चूक मानेची आहे. नाव उत्तरेचं, म्हणून सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात. पण अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात पडतो आणि वादळात हे कडं दक्षिणेकडे पसरतं. ट्रोम्सो ६९.६ अंश उत्तरेला आहे. तिथे मोठ्या वादळात खरा खेळ डोक्यावर किंवा चक्क दक्षिणेला रंगू शकतो. दर दोन मिनिटांनी मागे वळून बघा, आणि जागा निवडताना दोन्ही दिशांना मोकळं आकाश असेल अशीच निवडा.

केपी या भूचुंबकीय हालचालीच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तो तीन तासांचा गोषवारा असतो, आणि अरोरा दहा मिनिटांत भडकून विझतोही. त्यापेक्षा बीझेड पाहा, म्हणजे सौरवाऱ्यातल्या (सूर्याकडून वाहत येणाऱ्या कणांमधल्या) चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा. तो उणे, म्हणजे दक्षिणेकडे होऊन तसाच टिकला की तयार राहा. हे मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहेत. वाऱ्याचा वेग सेकंदाला ८०० किलोमीटर असेल, तर हातात जेमतेम अर्धा तास उरतो. ढगांसाठी नॉर्वेचं यर हे हवामान ॲप बघा. ट्रोम्सोवर ढग असले, तरी आत फिनलंडच्या दिशेला स्कीबोटनकडे आकाश अनेकदा निरभ्र असतं. आणि महिना तपासा! मे २०२४मध्ये ऑक्टोबर २००३नंतरचं पहिलं जी ५, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं वादळ आलं, तेव्हा ट्रोम्सोत रात्र काळोखी होतच नव्हती. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर हाच खात्रीचा काळ.

फोटोच्या मधोमध एकात एक गोल कडी दिसतात? लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. अरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. फिल्टरच्या सपाट काचेच्या दोन पृष्ठभागांत तो मागेपुढे परावर्तित होतो आणि ही कडी उमटतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, तत्त्व तेच. ही कडी नंतर पुसणं फार कटकटीचं असतं.

तारे फुगीर दिसत असतील, तर फोकस चुकलाय. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये एक ठळक तारा दहापट मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवा आणि वर चिकटपट्टी लावा. थंडीत फोकस थोडा सरकतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. फोटो हळूहळू धूसर होत गेले, तर लेन्सवर दव किंवा हिम जमलंय. तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते. हात गरम ठेवायची पुडी रबरबँडने लेन्सभोवती बांधा. जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात हव्यात. परत येताना कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीत दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर आतपर्यंत पाणी सुटतं. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे धीर धरता येईल.

मोबाईलवाल्यांनी नाइट मोड १ ते ३ सेकंदांवर ठेवावा, टायमर लावावा आणि फोन ट्रायपॉडवरच बसवावा. फ्लॅश मात्र नक्की बंद, शेजारच्याचा फोटो त्यात जातो.

लडाखमध्ये हानलेला जाणाऱ्यांसाठी यातलं बरंच उलटं आहे. १० मे २०२४च्या रात्री तिथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल आभा टिपली, ऑक्टोबर २०२४मध्ये पुन्हा. इतक्या दक्षिणेकडून फक्त खूप उंचावरचा लाल प्रकाश क्षितिजाच्या वर येतो आणि तो मंद, जवळजवळ स्थिर असतो. तिथे १५ ते ३० सेकंदच हवेत, आणि नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही तरी ट्रायपॉड आवरू नका. उत्तरेकडे एक चाचणी फोटो काढा आणि क्षितिजालगत लाली उमटली आहे का ते पाहा.