खेड्यातल्या ऑनलाइन शिकवणीला पैसा कुठून आणायचा?

आमची ऑनलाइन शिकवणी वणी तालुक्यातून चालते. पाचवीच्या पोरांची नवोदयची तयारी. पैसा मागायच्या आधी आपली नोंदणी कशाची आहे ते पाहा. नफ्यासाठी काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेडला सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो निधी मिळत नाही. तो ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ च्या (ना-नफा) कंपनीला मिळतो. आयकर खात्याकडची १२ए, ८०जी नोंदणी, कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि बहुतेक वेळा तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. नवे असाल तर जुन्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेशी लेखी करार करा आणि तिच्यामार्फत अर्ज टाका.

कंपन्यांचा आराखडा आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीतच द्या. खाणपट्ट्यात असाल तर आधी वेकोलिकडे, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीकडे जा.

गावातला प्रायोजक वेगळा. कृषी केंद्रवाल्याकडे जूनमध्ये फिरकूच नका, बियाण्याच्या गर्दीत तो मान वर करत नाही. कापूस विकून उधारी वसूल झाली की जा. रोख मागितली की माणूस आखडतो; टॅब मागा, मागे त्याच्या दुकानाचं स्टिकर लावतो म्हणा. आणि धडा मोबाइलात आधीच उतरवून न्या. रेंजच्या भरवशावर दाखवायला बसलात तर चाक फिरत राहतं अन् शेटजी गिऱ्हाइकाकडे वळतात.