स्काउट पथकासाठी मुलं आणि मार्गदर्शक जोडताय? या चुका टाळा

कोल्हापुरात माणसं मिळत नाहीत म्हणून पथक बंद पडलं, असं कुणी सांगितलं की मला ते पटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पेठापेठांतली तालमीची पोरं कुणी न बोलावता कमरेभर पाण्यात उतरली होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाटेवर पाणी आणि जेवण वाटायला हात कमी पडत नाहीत. माणसं आहेत. त्यांना बोलवायची आपली रीत चुकते आणि बोलावल्यावर त्यांना सांभाळायची रीत त्याहून जास्त चुकते.

मुलं आधी, मार्गदर्शक नंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाली की उत्साहाने अर्ज वाटले जातात. पन्नास-साठ मुलं नावं देतात आणि मैदानावर त्यांच्यासमोर एकटे सर उभे असतात. दिवाळीपर्यंत सर थकतात, मुलं पांगतात आणि आईवडिलांच्या मनात "तिथं काही चालत नाही" हे पक्कं बसतं. ते मत पुढच्या वर्षीही पुसता येत नाही.

पूर्ण पथक म्हणजेसुद्धा जास्तीत जास्त ३२ मुलं, आठ-आठ जणांच्या चार पॅट्रोल, म्हणजे तुकड्या. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा मुलं वीसच्या आसपास होती, आणि त्यांच्याही चार तुकड्या केल्या होत्या. तुमच्याकडे दोन मोठी माणसं असतील तर एकाच पॅट्रोलने सुरुवात करा. उरलेल्यांची नावं वहीत लिहून ठेवा आणि कधी बोलावणार ते त्यांच्या घरी स्पष्ट सांगा. थांबलेलं मूल परत येतं. कंटाळून गेलेलं सहसा येत नाही.

सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडतो: "स्काउट पथकासाठी स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा." वीस अंगठे येतात, माणूस एकही येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं की दुसरं कुणीतरी जाईल. शिवाय नेमकं काय करायचं, किती दिवस करायचं, आपल्याला ते जमेल का, यातलं काहीच त्या निरोपात नसतं.

त्याऐवजी वही घ्या आणि नावं लिहा. मुलाला सोडायला येऊन मैदानाच्या कट्ट्यावर तासभर बसणारे आईवडील, कॉलेजात एनसीसी किंवा एनएसएस केलेली ताई, गल्लीतले निवृत्त फौजी, दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारा ग्रुप, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात हाताने काम करणारा फिटर. मग एकेकाला घरी जाऊन भेटा. चहा होऊ द्या आणि एकच, छोटं, संपणारं काम मागा.

"दादा, तुम्ही पावनखिंड करता. जुलैत चार रविवार या आणि पोरांना सॅक कशी भरायची, पावसात पाय कसे जपायचे, तेवढं शिकवा. बाकी काही मागत नाही."

एवढ्याला नाही म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. चौथ्या रविवारी त्याच्याकडे नीट बघा. पोरं त्याच्याभोवती गोळा होतात का? तो त्यांचं ऐकून घेतो का? तसं असेल तर त्याच दिवशी पुढचं विचारा: सहायक म्हणून येणार का? इथे मात्र काही झाकू नका. मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचा बेसिक कोर्स निवासी असतो, त्यासाठी सुट्टी काढावी लागते, शिबिराच्या आधीचे आठवडे धावपळीचे जातात, हे सगळं आधीच सांगा. गोड बोलून आणलेला माणूस पहिल्याच शिबिरानंतर फोन उचलायचं बंद करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

मिळाला म्हणून घेतला

अडचणीत असताना हो म्हणणारा प्रत्येक जण देवासारखा वाटतो. तरीही घाई करू नका. त्याला ओळखणाऱ्या किमान दोन माणसांशी बोला. सुरुवातीला अनुभवी मार्गदर्शकाबरोबरच काम द्या. कुणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत, तंबूत किंवा गाडीत असणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लावा, अगदी जुन्या गुरुजींनासुद्धा. मुलींच्या पथकाला, म्हणजे गाइड कंपनीला, महिला मार्गदर्शक मिळेपर्यंत ती सुरू करू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा काय सांगतो, हे प्रत्येक मार्गदर्शकाला माहीत हवं. चांगल्या माणसाला या चौकशीचा राग येत नाही.

पहिल्याच दिवशी भाषण

मुलाने पहिल्या संध्याकाळी काय केलं, यावर ते दुसऱ्यांदा येणार की नाही हे ठरतं. स्वागत, प्रास्ताविक, चळवळीचा इतिहास, आभार यात दीड तास गेला तर तो शाळेचाच आणखी एक तास झाला. पहिल्या दहा मिनिटांत मुलाच्या हातात दोरी द्या. बोलाइनची गाठ शिकवा. तिचा फास घसरून आवळत नाही, म्हणून पाण्यात अडकलेल्या माणसाच्या कमरेला ती बांधता येते, हे सांगा. महापूर पाहिलेल्या गावातल्या पोराला ती गाठ का शिकायची, हे वेगळं समजवावं लागत नाही. ते घरी जाऊन आजीच्या कमरेला दोरी बांधून दाखवतं आणि शेजारचा मित्र पुढच्या आठवड्यात आपोआप येतो.

दहावीच्या सवलतीच्या गुणांचं आमिषही पुढे करू नका. ते गुण ज्यावर मिळतात त्या स्काउटच्या राज्य पुरस्काराची वाट लांब आहे: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, अशा एकेक पायऱ्या. गुणांसाठी आलेलं मूल मधेच सुटतं. गणवेशाचीही सक्ती पहिल्या आठवड्यात नको. सदस्यत्वाचा बॅज दीक्षा, म्हणजे वचन घेऊन रीतसर प्रवेश, झाल्यावरच लागतो. तोवर मुलाला रमू द्या. मोठ्या मुलांचे आखूड झालेले गणवेश धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवले तर पैशांपायी कुणाला घरी बसावं लागत नाही.

वार आणि वेळ

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींचा फुटबॉल सामना असेल त्या दुपारी मैदानावर कुणी येणार नाही. गणपतीच्या दहा दिवसांतही नाही. हंगामाचं वेळापत्रक आणि क्लासच्या वेळा विचारून मगच वार ठरवा, आणि एकदा ठरला की बदलू नका.

आठवी-नववीची गळती

नव्या भरतीसाठी धावताना जुनी मुलं कधी गेली, ते कळतही नाही. चौदा वर्षांच्या पोराला लहानांच्या रांगेत उभं केलं तर ते जाणारच. त्याला पॅट्रोल लीडर करा. आठ जणांची हजेरी, शिबिरातली चूल आणि तंबूची जागा त्याच्यावर सोपवा. मानसभेत, म्हणजे पॅट्रोल लीडरांच्या बैठकीत, त्याने मांडलेलं म्हणणं पटलं नाही, तरी पूर्ण ऐका. पुढे तोच रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काउट, होतो, आणि उद्याचा स्काउटमास्तर बाहेर शोधावा लागत नाही. इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तरी त्याचं नाव वहीतून काढू नका. दिवाळीला तो घरी येतोच. त्या सुट्टीतल्या शिबिराची तारीख त्याला गणपतीतच कळवा आणि त्याचं काम कोणतं, तेही त्याच फोनवर सांगून टाका.