कोळी चावला म्हणताय? आधी चावला का ते बघा

जून लागला की पहिल्या पंधरवड्यातच कुणीतरी दंड पुढे करून आमच्या सोप्यावर येऊन बसतं. "सिस्टर, कोळी चाबलो." आरोग्य केंद्रातून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली, पण गोव्यात फोंड्याच्या या टोकाला कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काम करणाऱ्यांना बांबोळीच्या मोठ्या इस्पितळापेक्षा माझं घर जवळ पडतं. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चावताना बघितला?" बहुतेक जण गप्प बसतात.

सोपं काम आधी उरकू. जागा साबण-पाण्याने धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज चढल्यावर अंगठी कापावी लागते. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, थोडं थांबून परत ठेवा. ठणका असेल तर पॅरासिटामॉल. खरोखरच कोळी चावला असेल तर आपल्याकडे बहुतेक वेळा एवढंच पुरतं. एक टोचा, लाली, दोन दिवस खाज, झालं.

चुना, रॉकेल, तापवलेलं उलथनं, ब्लेडची चीर, वरच्या बाजूला करकचून बांधलेली सुतळी, यातलं काहीही नको. "आमच्या आजोबांनी चुन्यानेच किती जण बरे केले" हे मला सांगू नका. जे आपोआप बरं होणार असतं त्याला कुठलंही औषध लागू पडतं, मंत्रसुद्धा. माझी तक्रार चुन्याबद्दल कमी आणि त्यात जाणाऱ्या अर्ध्या दिवसाबद्दल जास्त आहे. अधूनमधून त्या चुन्याखाली भलतंच काहीतरी निघतं.

म्हणजे खरं अवघड काम आहे ते चावलं कोणी हे ठरवण्याचं. इथे मी स्वतः दोनदा आपटले आहे.

आरोप कोणावर येतो, तर न्हाणीघरातल्या किंवा देवांच्या तसबिरीमागच्या त्या मोठ्या चपट्या तपकिरी कोळ्यावर. पाय पसरले की तळहाताएवढा दिसतो, म्हणून घरभर किंकाळ्या. मादी पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरून फिरते, मोठ्या बटणासारखी, मग तर बघायलाच नको. हा जाळं विणत नाही, रात्री झुरळं धरतो आणि माणूस दिसला की कौलांकडे पळतो. हातात पकडून दाबलात तर चावेल, ते दुखेल, पण त्याने जिवाला काही होत नाही. पावसात सुपारीच्या झाडांमधून पिवळसर सोनेरी जाळी बांधणारा लांब पायांचा कोळी आहे, त्याचंही तेच. मुळात बहुसंख्य कोळ्यांचे सुळे आपल्या कातडीत शिरतच नाहीत. आणि एका रात्रीत ओळीने पाच-सहा गांध्या उठल्या असतील तर गादी उलटून ढेकूण शोधा.

आता माझी पहिली चूक. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना त्याच्या कोपराच्या वळणीत सकाळी लाल पट्टा दिसला, मध्ये बारीक पिवळट फोड, जळजळ. सासूबाई म्हणाल्या, कातीण फिरली. मी नर्स असूनही मान डोलावली आणि हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी हात दुमडल्यावर जिथे कातडी कातडीला टेकते तिथे, आरशात दिसावा तसा, दुसरा पट्टा उठला होता. ते काम कोळ्याचं नव्हतं. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली मुंगीसारखा लांबुळका, केशरी-काळा किडा येतो. तो चावत नाही. अंगावर बसल्यावर आपण चापट मारतो, तो चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो. फोड एक-दोन दिवसांनी येतात, म्हणून किडा कुणाला आठवत नाही आणि भिंतीवरचा कोळी सापडतो. उपाय: किडा चिरडू नका, फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका आणि झोपताना दिवा बंद करा. लेप कसलाही नको.

दुसरी गोष्ट काळ्या खपलीची. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, न दुखणारी, आणि बरोबर ताप, डोकेदुखी. सत्तरी तालुक्यात २०१५ साली गोचिडीतून पसरणारा माकडताप आला तेव्हापासून लोक निदान गोचिडीचं नाव घेतात, पण ही खपली त्याहून बारीक, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लाची असते. त्यातून होणारा स्क्रब टायफस गोव्यातही आहे. डॉक्टरला ताप सांगता तशी खपलीही दाखवा, लाजून झाकू नका. वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस लवकर उठतो, उशीर झाला तर फुफ्फुसं, मूत्रपिंडं धरतात.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. पहाटे चारच्या सुमाराला एका कामगाराला केंद्रात आणलं. खोपीत जमिनीवर झोपला होता. हाताला काहीतरी लागलं म्हणून उठला, विजेरी मारली, भिंतीवर कोळी. निकाल तिथेच लागला. सूज नाही, लाली नाही, दुखणंही नाही. मी सिट्रिझिन दिली आणि बाकावर बसवलं. तासाभराने त्याचे डोळे मिटायला लागले. मला वाटलं, गोळीची गुंगी. मग तो म्हणाला, पोटात दुखतंय आणि थुंकी गिळता येत नाही. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ती मण्यार होती. बांबोळीला पोचेपर्यंत त्याचा श्वास मंदावला होता. काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो वाचला, पण त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

मण्यारीचा दंश मच्छर चावल्याइतकाही दुखत नाही. सूजही जवळजवळ येत नाही, दातांच्या खुणा शोधूनसुद्धा सापडत नाहीत. म्हणून माझा नियम कडक आहे: रात्री, जमिनीवर झोपलेल्याला, न दिसलेलं काहीही चावलं तर कोळ्याचं नाव काढायचं नाही. १०८ लावा आणि निघा. गुंगी आणणारी कुठलीही गोळी देऊ नका, ती नेमकी बघायची खूण झाकते. वाटेत बघायचं ते असं. मान न हलवता वर बघायला सांगा. दोन्ही पापण्या पूर्ण उचलल्या जातात का? एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा. मघाशी पंचवीसपर्यंत गेलेला आता बारावर थांबतोय का? पोटात दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, आवाज घोगरा होतोय? यातलं एक जरी असलं तरी चालकाला घाई करायला सांगा. यातलं काहीच नसलं तरी परत फिरायचं नाही.

याउलट खऱ्या कोळ्यासाठी "इंजेक्शन द्या" म्हणून हटून बसणारेही भेटतात. आपल्याकडचं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, कोळ्यावर ते चालत नाही. मोबाइलवर ज्याच्या चाव्याने सडलेल्या पायांचे फोटो फिरतात तो कोळी अमेरिकेतला. घाटाच्या बाजूला चिऱ्याच्या दरडीत बिळं करणारे केसाळ मोठे कोळी मात्र आहेत. ते चावले तर जोरात दुखतं, आणि त्यांच्यातल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या जातींच्या चाव्याने कधी स्नायूंत गोळे येतात. अंगभर गोळे, दरदरून घाम, उलट्या, पोट ताठ, किंवा ओठ-चेहरा सुजून दम लागणं, असं काही झालं तर कोळी कोणता याचा शोध सोडा आणि इस्पितळ गाठा.

घरी थांबलात तर बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. सकाळी लाली रेघेबाहेर गेली, ताप आला, लाल शीर वर चढताना दिसली, तर जंतुसंसर्ग झालाय. मधुमेह असेल तर सकाळची वाटही बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरला सांगा.

घाबरलेल्या माणसाचं काय करायचं? छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. हे सगळं नुसत्या भीतीनेही होतं. त्याच्याभोवती जमलेली माणसं आधी बाहेर काढा. मग त्याला बसवून लांब श्वास सोडायला लावा आणि एकानेच बोला. "काय नाही, काय नाही" हे दहा जणांनी दहा सुरांत म्हटलं की त्याला आपलं संपलं असंच वाटतं.

राहिला कोळी. चपलेने मारला तर ओळख पटवायला काहीच उरत नाही. फोटो काढा, वर रिकामी बरणी पालथी घाला, खालून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा सरकवा आणि परसात सोडा. आमच्या न्हाणीघरातला मी सोडतही नाही, तो आला तेव्हापासून तिथे झुरळ दिसलेलं नाही.