अमेरिकेतली सरकारी पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी: या चुका टाळा

कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ओहायो. या राज्यांत सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला विचारा, तो हमखास सांगेल, ‘राज्याची पेन्शन घेतली की सोशल सिक्युरिटीवर पाणी सोडायचं.’ सोशल सिक्युरिटी म्हणजे पगारातून कापलेल्या करावर चालणारी केंद्र सरकारची निवृत्तिवेतन योजना. अनेक वर्षं हे बऱ्याच अंशी खरं होतं. ५ जानेवारी २०२५ रोजी सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्टवर राष्ट्राध्यक्ष बायडेन यांची सही झाली आणि राज्याची पेन्शन घेणाऱ्यांचा सोशल सिक्युरिटी लाभ कापणारे दोन्ही नियम गेले. नियम गेले तरी डोक्यातलं गणित जुनंच राहिलं, तर हक्काचा पैसा सरकारकडेच पडून राहतो. म्हणून हा लेख, विशेषतः तिथे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांसाठी.

आधी जुना नियम नीट समजून घ्या, कारण बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे. या राज्यांतल्या बहुसंख्य शिक्षकांच्या आणि अनेक पोलीस-अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापलाच जात नाही. त्यांची पेन्शन वेगळ्या फंडातून येते. अशा माणसाने दुसरीकडे खासगी नोकरी करून ४० क्रेडिट (सोशल सिक्युरिटीचा कर भरून केलेल्या साधारण १० वर्षांच्या कामाची नोंद) मिळवली असतील, तर १९८३ च्या ‘विंडफॉल एलिमिनेशन प्रोव्हिजन’ची कात्री त्याच्या स्वतःच्या लाभाला लागायची. २०२४ चा हिशोब घ्या. सरासरी मासिक कमाई १,५०० डॉलर असेल, तर सूत्राप्रमाणे पहिल्या १,१७४ डॉलरच्या ९० टक्के आणि उरलेल्या ३२६ डॉलरच्या ३२ टक्के मिळून सुमारे १,१६१ डॉलर होतात. कात्री पूर्ण लागली की ९० टक्क्यांचे ४० टक्के व्हायचे आणि हातात ५७४ राहायचे. महिन्याला ५८७ डॉलरचा फटका, म्हणजे निम्म्याहून जास्त.

दुसरा नियम ‘गव्हर्नमेंट पेन्शन ऑफसेट’चा. तो नवरा-बायकोच्या नात्याने मिळणाऱ्या लाभावर होता आणि जास्त जिव्हारी लागायचा. शिक्षिकेची स्वतःची पेन्शन ३,००० डॉलर असेल, तर तिचे दोन तृतीयांश म्हणजे २,००० डॉलर विधवा लाभातून वजा. नवऱ्याच्या खात्यावर १,८०० डॉलर मिळणार असतील, तर हाती शून्य. नवऱ्याने आयुष्यभर कर भरला आणि त्याच्या पश्चात बायकोला त्यातला एक डॉलरही नाही. हा अन्याय होता, असं मला आजही वाटतं.

‘आपोआप सुरू होईल’ म्हणून वाट पाहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ज्यांचा लाभ आधीच सुरू होता आणि फक्त कापला जात होता, त्यांची कपात सरकारने आपणहून काढली. जानेवारी २०२४ पासूनचा फरक एकरकमी खात्यात जमा झाला. जुलै २०२५ पर्यंत अशी ३१ लाखांवर पेमेंट होऊन सुमारे १,७०० कोटी डॉलर वाटले गेले. ज्यांनी रीतसर अर्ज केला होता आणि ऑफसेटमुळे रक्कम शून्य ठरली होती, त्यांचीही नोंद सरकारदरबारी होती.

पण ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचं काय? पेन्शन सांगितल्यावर ‘मग तुम्हाला काही मिळणार नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं आणि माणूस घरी परतला, तर तो अर्ज धरला जाईलच असं नाही. यात विधवा स्त्रिया आहेत, आणि लग्न किमान १० वर्षं टिकून मग घटस्फोट झालेल्याही आहेत. यांना नव्याने अर्ज करावा लागतो. पूर्ण निवृत्तिवय (लाभ कपातीशिवाय मिळतो ते वय) ओलांडलेल्यांना अर्जाच्या आधीच्या साधारण ६ महिन्यांपर्यंतचाच मागचा पैसा मिळतो, त्यापलीकडचा जातो. थोडक्यात, आज-उद्या करत जो महिना घालवाल, तो गेला. स्वतःच्या निवृत्ती लाभाचा अर्ज ऑनलाइन होतो, विधवा लाभाचा होत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो किंवा कार्यालयात जावं लागतं.

दोन्ही रकमांची बेरीज करणं

ऑफसेट गेला म्हणजे स्वतःचे ६०० आणि नवऱ्याच्या खात्यावरचे १,८०० मिळून २,४०० येतील, असा हिशोब करू नका. सोशल सिक्युरिटीच्या आत दोन लाभ एकावर एक चढत नाहीत. स्वतःचे ६०० आधी, वर १,२०० ची भर, एकूण १,८००. राज्याची पेन्शन मात्र आता पूर्णपणे बाजूला राहते, तिला कुणी हात लावत नाही. नवरा हयात असेल, तर जोडीदाराचा लाभ त्याच्या पूर्ण लाभाच्या जास्तीत जास्त निम्मा असतो, हेही ध्यानात ठेवा.

भारतातल्या नोकरीबद्दलचे दोन गैरसमज

जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा राज्य सरकारच्या खात्यात नोकरी करून मग मुलांकडे गेलेले, तिथे १० वर्षं काम केलेले अनेकजण आहेत. परदेशातल्या पेन्शनमुळेही पहिली कात्री लागायची, हे त्यातल्या कित्येकांना पत्र आल्यावर कळलं. आता तीही गेली, त्यामुळे कपात अजून चालू दिसत असेल तर विचारणा करा. दुसरा गैरसमज उलट दिशेचा: भारतातली वर्षं अमेरिकेच्या ४० क्रेडिटमध्ये धरली जातील हा. भारत आणि अमेरिकेत तसा करार नाही. ३६ क्रेडिट असतील तर उरलेली ४ तिथेच काम करून मिळवावी लागतात. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला ७,२४० डॉलरची कमाई पुरेशी होती.

आणि हो, ज्यांनी स्वतः आणि ज्यांच्या जोडीदारानेही सोशल सिक्युरिटीचा कर कधी भरलाच नाही, त्यांना या कायद्याने काही मिळत नाही. राज्य आणि स्थानिक सरकारांचे सुमारे ७२ टक्के कर्मचारी मुळातच सोशल सिक्युरिटीत असल्यामुळे त्यांच्याही रकमेत फरक पडलेला नाही.

एकरकमी पैसा आला आणि कर विसरला

मागच्या फरकाची रक्कम ज्या वर्षी हातात येते, त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते, आणि लाभाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होऊ शकतो. आधीच्या वर्षाची रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नाप्रमाणे मोजण्याची सोय आयआरएसने, म्हणजे तिथल्या केंद्रीय करखात्याने, दिली आहे. जुने रिटर्न बदलावे लागत नाहीत, पण हा पर्याय तुम्हालाच निवडावा लागतो. कर सल्लागाराला हे स्पष्ट शब्दांत सांगा. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, जास्त उत्पन्नवाल्यांसाठीचा वाढीव हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. म्हणजे २०२५ मध्ये आलेली मोठी रक्कम २०२७ च्या हप्त्यात डोकं वर काढू शकते.

मेडिकेअरच्या पार्ट बीचा (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) हप्ता आजवर पेन्शनमधून कापला जात असेल, तर सोशल सिक्युरिटी सुरू झाल्यावर तो तिथून कापला जातो. पहिले काही महिने दोन्ही स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहा, हप्ता दोनदा जात नाही ना.

‘तुमचा फरक लवकर काढून देतो, एवढी फी भरा’ असा फोन आला, तर ठेवून द्या. या कामासाठी सोशल सिक्युरिटी पैसे मागत नाही. आणि निर्णयाच्या पत्रातली रक्कम पटली नाही, तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत लेखी फेरविचार मागता येतो. त्यासाठी पत्राचं पाकीटही तारखेसकट जपून ठेवा.