बीकरमधली चिलापी : माशांच्या अंगातल्या मिठावर काम करताना

भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर एक मामा टेम्पोतल्या टाकीत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, भरत होते. निघायच्या आधी त्यांनी खडेमिठाच्या दोन ओंजळी टाकीत सोडल्या आणि हातानेच पाणी ढवळलं. मी विचारलं, "मामा, गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ कशाला?"

"वाटेत दम धरतं ताई. नाहीतर पोचताना जित्तं असतं, तळ्यात सोडलं की दुसऱ्या दिवशी मरतं."

मी तेव्हा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. संपवून पीएच.डी.ला नुकतीच लागले होते. 'दुसऱ्या दिवशी' हे मामांचं बोलणं किती नेमकं होतं, ते समजायला मला दीड वर्ष लागलं. या विषयात येऊ पाहणाऱ्यांसाठी त्या दीड वर्षातलं काही इथे लिहिते आहे.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक, लिटरला साधारण 130 ते 150 मिलिमोल (विरघळलेल्या द्रव्याचं माप) असतं. बहुतेक नद्यांत ते 1 मिलिमोलच्या आत. दख्खनच्या, त्यातही शहरांचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या नद्यांत थोडं जास्त, पण रक्ताच्या जवळपासही नाही. श्वासासाठी कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असावी लागते आणि तिथूनच पाणी सतत आत शिरतं, मीठ सतत बाहेर झिरपतं. म्हणून हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. भरपूर आणि पातळ लघवी करून तो शिरलेलं पाणी बाहेर टाकतो. गेलेलं मीठ काही अन्नातून मिळतं, बाकीचं कल्ल्यांतल्या खास पेशी नदीतून वेचून आणतात. या पेशींना आयनोसाइट म्हणतात. इतक्या फिक्या पाण्यातूनही प्राणी मीठ ओढू शकतात, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी 1930 च्या दशकात दाखवलं. ओढण्यामागचा मुख्य पंप, म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपेज हे पेशीच्या पडद्यातलं प्रथिन, डेन्मार्कच्याच येन्स स्को यांना 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत सापडला. त्यासाठी त्यांना 1997 चं नोबेल मिळालं.

इथपर्यंतचं पुस्तकातून आलं आणि त्यामुळेच माझी दिशा चुकली. मीठ 'आत कसं येतं' याच्याच मागे मी लागले. पंप, वाहिन्या, जनुकं, सगळं वाचून काढलं. हातात दोन पाणी होती. एक उजनीचं, काळ्या दगडावरून आलेलं जड पाणी, माझ्या मीटरवर विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा, सहाशेच्या वर. दुसरं सिंधुदुर्गातल्या जांभ्यावरच्या ओढ्याचं, पन्नाशीच्या आसपास. चिलापी, म्हणजे तिलापिया, दोन्हीत ठेवायची आणि पंप किती वाढतो ते बघायचं, अशी माझी योजना होती.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती योजना बाजूला ठेवायला लावली आणि एक साधा प्रयोग दिला. अर्धा लिटर शुद्ध पाणी, त्यात एक लहान चिलापी, तेच विद्युतवाहकतेचं मीटर आणि घड्याळ. "काहीही करू नकोस, नुसती बघत बस," म्हणाल्या. मी बघत बसले. मासा तळाशी कल्ले हलवत स्थिर होता, दिसायला अगदी सुखात. मीटरवरचा आकडा मात्र दर काही मिनिटांनी एकेकाने चढत होता. माशाच्या अंगातलं मीठ माझ्यासमोर पाण्यात उतरत होतं. तो चढता आकडा मी आयुष्यभर विसरणार नाही. (नव्यांनी एक लक्षात ठेवायचं. कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडतो आणि मीटर त्यालाही मोजतो. खरं सोडियम बघायचं तर पाण्याचा नमुना फ्लेम फोटोमीटरवरच, म्हणजे ज्योतीच्या रंगावरून सोडियम मोजणाऱ्या यंत्रावरच, न्यावा लागतो.)

दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात चिमूटभर जिप्सम विरघळवलं. म्हणजे सोडियम नाही, फक्त कॅल्शियम आणि सल्फेट. नमुने फोटोमीटरवर लावले, तर सोडियमची गळती स्पष्टपणे मंदावलेली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

कल्ल्यांच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्या सांध्यांची घट्टी कॅल्शियमवर अवलंबून असते. पाण्यात कॅल्शियम कमी झालं की सांधे सैल पडतात आणि मीठ पेशींच्या मधल्या फटींतून निसटतं. पाणी आम्ल असेल तर हायड्रोजन आयन कॅल्शियमला तिथून हुसकावतात, आणि सोडियम ओढण्याचं कामही मंदावतं. नॉर्वेत आम्लवर्षेमुळे ट्राउट मासे मेले, त्यात पाण्यात उतरलेल्या ॲल्युमिनियमचा हात होताच, पण अंगातलं सोडियम गमावणं हे मरणाचं मोठं कारण होतं. तिथल्या नद्या-तळ्यांत चुनखडी टाकून मासे वाचवले गेले. कोकणातला ओढा आणि उजनीची भीमा यांतला माशाच्या दृष्टीने खरा फरक सोडियमपेक्षा कॅल्शियमचा होता, आणि मी माझ्या वहीत कॅल्शियमचा रकानाच ठेवला नव्हता.

मग ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ नेग्रोवरचे शोधनिबंध वाचले, ते आधीही वाचले होते, पण आता कळले. मनाउस शहराजवळ ही काळ्या चहासारखी नदी गढूळ सोलिमोइंशला मिळते आणि दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. नेग्रोच्या पाण्यात सोडियम आणि कॅल्शियम जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्याइतकं कमी, सामू (pH) 4 ते 5 च्या आसपास. आपली चिलापी तिथे टिकणं अवघड. पण तिथला कार्डिनल टेट्रा सामू 3.5 पर्यंत उतरवला तरी सोडियम ओढणं थांबवत नाही. काही जातींचे सांधे इतके घट्ट की कॅल्शियम नसतानाही गळती कमीच. पाण्याला काळा रंग देणारी, कुजलेल्या पानांतली द्रव्यंसुद्धा कल्ल्यांना सावरतात असं तिथल्या प्रयोगांत दिसलं आहे. एकाच प्रश्नाला एकेका नदीने वेगळं उत्तर घडवलं आहे, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

आता एक चूक, जी तुम्ही करू नये म्हणून सांगते. एका प्रयोगशाळेत मला रक्त काढण्याच्या नळ्या तयार मिळाल्या. तीन आठवडे मी शेपटीच्या शिरेतून रक्त घेत होते आणि सोडियमचे आकडे सगळे संशय येण्याइतके जास्त. ओढ्याच्या पाण्यातल्या माशांचेही. नळीच्या खोक्यावरचं लेबल वाचलं तेव्हा उलगडलं. रक्त गोठू नये म्हणून आत सोडियम हेपॅरिन होतं. लहान माशाचं चार थेंब रक्त आणि नळीतलं सोडियम, म्हणजे मी नळीच मोजत होते. सगळे नमुने टाकावे लागले, आणि त्यासाठी हाताळलेले मासे परत मिळत नाहीत याचं दुःख अजून आहे. लिथियम हेपॅरिन वापरा. रक्त गोठू न देणाऱ्याच पोटॅशियम ईडीटीएच्या नळ्या तर या कामाला मुळीच नकोत, त्या पोटॅशियम वाढवतात आणि कॅल्शियम बांधून टाकतात. रक्तपेशी फुटून रक्तद्रव लालसर दिसलं तर तो पोटॅशियमचा आकडा धरू नका. आणि हे सगळं तुमच्या संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी हातात आल्यावरच.

जाळ्यातून काढलेल्या माशाचं रक्त लगेच घेऊ नका, हे मामांच्या मिठाशी जोडलेलं आहे. मासा घाबरला, धडपडला की जास्त प्राणवायूसाठी कल्ल्यांतून रक्त जोरात फिरतं आणि जी त्वचा प्राणवायू आत घेते, तीच मीठ बाहेर सोडते. श्वास आणि मीठ यांत ही ओढाताण कायमची आहे. टेम्पोत दाटीने भरलेली बोटुकली तासन् तास अशी गळत राहते. पोचते तेव्हा पोहत असते, पण रक्त पातळ झालेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पोट वर करून मरते. लिटरला 9 ग्रॅम मीठ म्हणजे जवळपास रक्ताच्या तोडीचं पाणी. मामांच्या दोन ओंजळींनी ते अंतर थोडं तरी कमी होत होतं.

या वाटेला यायचं असेल तर बारावी विज्ञाननंतर मत्स्यशास्त्राची पदवी रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरच्या महाविद्यालयांत होते. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माझ्यासारखं प्राणिशास्त्रातूनही येता येतं, फक्त रसायनशास्त्राची भीती ठेवू नका. जड पाण्याचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोजणं, तो वाइनसारखा लाल रंग निळा होण्याचा क्षण, डोळ्यात बसेपर्यंत करा. नोकरीच्या दृष्टीने खाऱ्या भूजलाकडे लक्ष ठेवा. हरियाणात रोहतकला याच संस्थेचं केंद्र अशा पाण्यातल्या मत्स्यशेतीवर काम करतं. तिथल्या पाण्यात खारटपणा असतो पण पोटॅशियम तोकडं पडतं, म्हणून कोळंबीच्या तळ्यात ते वरून द्यावं लागतं. आपल्याकडे अकोला-अमरावती-बुलढाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी माशाच्या नजरेने तपासणारी माणसं हवी आहेत.

माझं सध्याचं काम वलगणीचं आहे. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की कोकणात मासे ओढ्यांतून, भरलेल्या शेतांतून वर चढतात. पोटात अंडी असतात, समोर पाण्याची धार असते आणि नेमकं त्याच वेळी पावसाने ओढ्याचं पाणी आणखी फिकं झालेलं असतं. सगळ्यात जास्त धाप आणि सगळ्यात कमी मीठ, दोन्ही एकाच रात्री. तरी ते चढतात. यंदा मेअखेरीस ओढ्याच्या डोहांतले नमुने घेऊन ठेवले आहेत. पाऊस लागला की रात्री बॅटरी, बर्फाचा डबा आणि लिथियम हेपॅरिनच्या नळ्या घेऊन त्याच ओढ्याच्या चढावर बसायचं आहे.