क्वालिटी प्रोजेक्टला हात घालण्याआधी त्याची हद्द आखा

डिप्लोमा किंवा बीई करून चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत क्वालिटीला लागलात, की पहिल्या दीड-दोन वर्षांत कधीतरी एचओडी बोलावून सांगतात, "अमुक पार्टचं रिजेक्शन फार वाढलंय. प्रोजेक्ट म्हणून घे आणि कमी करून दाखव." नवीन माणूस हुरूपाने कामाला लागतो. महिन्याभरात दोषांची क्रमवारी लावणारा पॅरेटो तयार, संभाव्य कारणांचा फिशबोन तयार, पुन्हा पुन्हा 'का' विचारणारं व्हाय-व्हाय तयार. आणि तिथून पुढे गाडी हलत नाही.

मी वाहनांच्या सुट्या भागांच्या मशीनिंगमध्ये बरीच वर्षं क्वालिटीचं काम करतोय आणि नव्या मुलामुलींचे प्रोजेक्ट बघणं हा आता माझ्या कामाचाच भाग आहे. अडकलेला प्रोजेक्ट उघडून पाहिला तर टूल्स सहसा बरोबर वापरलेली असतात. ठरलेलं नसतं ते एवढंच, की नेमकं कोणतं रिजेक्शन, कुठून कुठपर्यंतच्या प्रोसेसमधलं, आणि कशाला आपण हात लावणार नाही. म्हणून इथे बाकी साधनांबद्दल थोडक्यात आणि स्कोपबद्दल, म्हणजे प्रोजेक्टच्या हद्दीबद्दल, सविस्तर लिहितोय.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कोर्समध्ये स्कोप प्लॅनिंग व्यवस्थित शिकवतात. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ साली अमेरिकेत सुरू झाली आणि तिचं पीएमबॉक गाइड आज जगभर वापरलं जातं. त्यातून रुळलेला क्रम असा: आधी गरजा गोळा करा, मग स्कोप स्टेटमेंट लिहा, मग कामाची फोड करून डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर) बनवा आणि फोडीतल्या प्रत्येक तुकड्याचं वर्णन डब्ल्यूबीएस डिक्शनरीत लिहा. मंजूर झालेलं स्कोप स्टेटमेंट, डब्ल्यूबीएस आणि डिक्शनरी मिळून स्कोप बेसलाइन होते. नवी शेड उभारायची असेल, नवी लाइन टाकायची असेल, तर हे जसंच्या तसं लागू पडतं, कारण शेवटी काय उभं राहायचंय ते पहिल्या दिवशी ठाऊक असतं.

क्वालिटी सुधारणेचा प्रोजेक्ट इथेच वेगळा पडतो. त्यात शेवटी काय करावं लागेल हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं. माहीत असेल तर प्रोजेक्टची गरजच नाही, सरळ करून टाकावं. म्हणजे स्कोप उपायावर आखता येत नाही. तो दोषावर आणि प्रोसेसच्या दोन टोकांवर आखायचा. सिक्स सिग्मा ही दोष कमी करण्याची पद्धत मोटोरोलामध्ये १९८६ साली बिल स्मिथ यांनी मांडली. पुढे तिच्यासोबत रुळलेल्या डीमॅइकमधलं (डिफाइन, मेझर, ॲनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल) पहिलं पाऊल डिफाइन आहे, ते एवढ्यासाठीच. मात्र प्रत्यक्षात या डिफाइनला दोन दिवस मिळतात आणि ॲनालाइजला दोन महिने. माझ्या मते नवीन माणसाने डिफाइनला आणखी वेळ मागून घ्यावा, तो मिळतो.

एक उदाहरण नीट उलगडून सांगतो. ॲल्युमिनियमचं हाउसिंग. कास्टिंग बाहेरच्या फाउंड्रीतून येतं, आपल्याकडे मशीनिंग, मग वॉशिंग, मग लीक टेस्ट. लीकचं रिजेक्शन वाढलेलं. प्रोजेक्ट घेणाऱ्या मुलीने चार्टरमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सुरुवातीच्या मंजुरीपत्रात, लिहिलं होतं: "कास्टिंगच्या पोरॉसिटीमुळे होणारं लीक रिजेक्शन इम्प्रेग्नेशन करून कमी करणे." वाचायला हे एकदम पक्कं वाटतं. पण यात कारण ठरून गेलंय, उपायही ठरून गेलाय, आणि कोणत्या लाइनवर, कोणत्या ऑपरेशनपासून कोणत्या ऑपरेशनपर्यंत, याचा पत्ता नाही. इम्प्रेग्नेशन म्हणजे कास्टिंगमधली बारीक छिद्रं रेझिनने भरून घेणं. उपाय खरा आहे, पण दर जॉबमागे खर्च वाढवणारा आहे, आणि लीक छिद्रांमुळेच होतंय हे अजून कोणी सिद्ध केलेलं नव्हतं.

बसून ते वाक्य बदललं: "या हाउसिंगचं लीक टेस्टला पहिल्या फेरीत होणारं रिजेक्शन. सुरुवात, कास्टिंग इनवर्डला स्वीकारल्यापासून. शेवट, लीक टेस्टचा निकाल नोंदवेपर्यंत." कारण नाही, उपाय नाही. "पहिल्या फेरीत" हे दोन शब्द मात्र मुद्दाम घातले, कारण रिजेक्शन रजिस्टरमध्ये फक्त शेवटी भंगारात गेलेले जॉब दिसतात. दुसऱ्यांदा टेस्ट करून पास झालेला जॉब तिथे ओकेच असतो. क्वालिटीतले अमेरिकन तज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी अशा न दिसणाऱ्या दुबार कामाला कारखान्याच्या आतला लपलेला कारखाना म्हटलं होतं. त्या कारखान्यात लोक राबतात, वीज जाते, वेळ जातो, आणि रिपोर्टमध्ये त्याची ओळही नसते.

मग दुसऱ्या शिफ्टला टेस्ट बेंचपाशी उभं राहिलो. जॉब लागला, क्लॅम्प खाली आला, हवा भरली, लाल दिवा. ऑपरेटरने जॉब काढला, सीलिंग फेस कापडाने पुसला, परत लावला. हिरवा दिवा. जॉब ओकेच्या ट्रॉलीत. हे त्याने इतक्या सवयीने केलं, की त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंही नसेल. शेजारचे जुने सेटर काका म्हणाले, "साहेब, ते सील बघा एकदा." जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरच्या रबर सीलवरून नख फिरवलं तर कडेला बारीक चीर लागली आणि सीलच्या खाचेत मशीनिंगची चिप अडकलेली होती. लाल दिवा लागणाऱ्या जॉबांपैकी काही जॉब चांगलेच होते, टेस्टच गळत होती.

टेस्ट बेंच स्कोपमध्ये नसता, तर हीच टीम फाउंड्रीत जाऊन कास्टिंग कापून बघत बसली असती. म्हणून माझा आग्रह असतो, की ज्या साधनाने दोष मोजला जातो ते साधन स्कोपच्या आतच हवं. मेझरमधलं पहिलं काम गेज आर अँड आर, म्हणजे मोजणारं साधन आणि मोजणारी माणसं यांच्यामुळे मापात किती फरक पडतो ते तपासणं. एमएसएच्या (मेझरमेंट सिस्टिम ॲनालिसिस) प्रचलित निकषांनुसार मोजमापातला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, १० ते ३० टक्क्यांमध्ये असेल तर वापर आणि खर्च बघून ठरवायचं, ३० टक्क्यांच्या वर असेल तर आधी गेज सुधारायचा. गो-नो गो किंवा फक्त पास-फेल सांगणाऱ्या तपासणीला ॲट्रिब्यूट पद्धतीचा अभ्यास करतात. तेच जॉब, दोन-तीन ऑपरेटर, निकाल जुळतो का ते बघायचं. हे न करता काढलेल्या पॅरेटोवर मी चर्चाच करत नाही.

आता बाहेर काय ठेवलं ते. त्याच चार्टरमध्ये स्पष्ट लिहिलं: फाउंड्रीतल्या डायमध्ये बदल नाही, गेट किंवा व्हेंटच्या रचनेत बदल नाही. पोरॉसिटी महत्त्वाची नव्हती असं मुळीच नाही. पण वाहन उद्योगात टूलिंग किंवा प्रोसेस बदलली, की कस्टमरला कळवावं लागतं आणि बहुतेक वेळा पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं) पुन्हा सादर करून मंजुरी घ्यावी लागते. ते वेळापत्रक आपल्या हातात नसतं. डाय स्कोपमध्ये घेतला असता तर प्रोजेक्टची तारीख तिसऱ्याच माणसाच्या हातात गेली असती. म्हणून कास्टिंगचा भाग सप्लायर क्वालिटीच्या नावाने वेगळा नोंदवला, जबाबदार माणूस आणि तारखेसकट. बाहेर ठेवलेल्या गोष्टीला मालक मिळाला नाही तर ती हळूच परत आत येते. नव्यांना माझं सांगणं, चार्टर लिहिताना प्रत्येक संभाव्य बदलापुढे एक प्रश्न लिहून ठेवा: याला कस्टमरची मंजुरी लागेल का? निम्मी हद्द याच प्रश्नाने ठरते.

ही हद्द कागदावर एकट्याने आखून भागत नाही. शेताचा बांध दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी मान्य केला तरच तो बांध. इथे एका बाजूला प्रॉडक्शन, दुसऱ्या बाजूला टूल रूम, मेन्टेनन्स, स्टोअर, सप्लायर क्वालिटी. चार्टर ईमेलवर पाठवून "काही हरकत असल्यास कळवा" असं लिहू नका, कोणी कळवत नाही. प्रत्येकाच्या टेबलापाशी जा, आत आणि बाहेर असे दोन रकाने समोर ठेवा आणि सही घ्या. सही करताना माणूस वाचतो. वाचताना म्हणतो, "अरे, मशीन तासभर थांबवायचं असेल तर ते माझ्या शिफ्टमध्ये नको." ही हरकत तेव्हाच कळलेली बरी.

प्रोजेक्ट चालू झाला की दुसरी परीक्षा. चांगलं काम दिसायला लागलं की वरून सांगणं येतं, "त्याच लाइनवर बरचाही (मशीनिंगनंतर कडेला राहणारा धातूचा कंगोरा) त्रास आहे, तोही बघून घ्या." सरळ नाही म्हणायची गरज नाही आणि नव्या माणसाला ते जमतही नाही. एका पानाचा चेंज फॉर्म ठेवा: काय वाढणार, कोण मागतंय, किती आठवडे वाढतील, कोणाचा माणूस लागेल, कोण मंजूर करणार. "हो सर, यात भरून देतो, तुम्ही सही करा," एवढंच बोला. बऱ्याच मागण्या या पानावर आल्या की आपोआप पुढच्या प्रोजेक्टसाठी ठेवल्या जातात, आणि ज्या खरोखर गरजेच्या असतात त्यांना वेळ आणि माणूस दोन्ही मिळतं. हद्द बदलू नये असं माझं म्हणणं नाही. मेझरनंतर ती बदलावीच लागते, आकडे हाती आल्यावर प्रश्न लहान होतो. समजा कळलं, की रिजेक्शन मुख्यतः डायच्या एकाच कॅव्हिटीच्या (साच्यातल्या पोकळीच्या) किंवा एकाच मशीनच्या जॉबांत आहे, तर स्कोप तेवढाच करा आणि पुन्हा सह्या घ्या.

वरच्या लोकांकडूनच स्कोप वाढतो असं नाही. टीमही वाढवते. कोणी न मागितलेला डॅशबोर्ड, सगळ्या लाइन्सचा डेटा. हुशार मुलांमध्ये ही सवय जास्त दिसते. तिला गोल्ड प्लेटिंग म्हणतात. त्यात वेळ जातो आणि ऑपरेटरला त्याचा काही उपयोग नसतो.

डब्ल्यूबीएसबद्दल दोनच गोष्टी. एक, सुधारणेच्या प्रोजेक्टमध्ये सगळी फोड पहिल्या दिवशी करू नका. डिफाइन आणि मेझरची बारीक फोड करा, ॲनालाइजची ढोबळ, आणि इम्प्रूव्हचा एकच रिकामा चौकोन ठेवा. कारणं सिद्ध झाली की तो भरा. याला रोलिंग वेव्ह प्लॅनिंग म्हणतात आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये ती मान्य पद्धत आहे, पळवाट नाही. दुसरी, १०० टक्क्यांचा नियम. स्कोपमधलं सगळं काम फोडीत आलं पाहिजे, आणि बाहेरचं काहीही येता कामा नये. नवीन लोकांच्या फोडीत कंट्रोलची कामं हमखास राहून जातात: पीएफएमईए (प्रोसेसमधल्या संभाव्य चुकांचा तक्ता) आणि कंट्रोल प्लॅन सुधारणं, वर्क इन्स्ट्रक्शन ऑपरेटरला वाचता येईल अशा भाषेत लावणं, सील बदलण्याची वारंवारता मेन्टेनन्सच्या चेकलिस्टमध्ये घालणं, तिन्ही शिफ्टचं ट्रेनिंग. ही प्रोजेक्ट संपल्यावरची कामं नाहीत. ती झाली नाहीत तर सहा महिन्यांनी तेच सील, तीच चीर.

प्रोजेक्ट आणि प्रोग्राम यांतला फरकही लवकर समजून घ्या. कंपनीचा क्वालिटी सुधारणा कार्यक्रम म्हणजे अशा अनेक प्रोजेक्टांची निवड आणि क्रम. क्वालिटीतले नामवंत तज्ज्ञ जोसेफ जुरान यांचा भर सुधारणा एकेका प्रोजेक्टने करण्यावर होता. मोजक्या कारणांत बहुतेक नुकसान असतं, ती मोजकी आधी उचला. सुंदरम-क्लेटनला १९९८ मध्ये क्वालिटीसाठीचा जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला, तो मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. अशी कामगिरी संपूर्ण कंपनीने वर्षानुवर्षं केलेल्या टीक्यूएमची (टोटल क्वालिटी मॅनेजमेंट) असते. प्रोग्रामची हद्द मॅनेजमेंट ठरवते, तुमच्या हातात तुमच्या प्रोजेक्टची हद्द आहे. "कंपनीची क्वालिटी सुधारणे" असं चार्टरमध्ये लिहिलेलं दिसलं, की समजावं दोन्हींची सरमिसळ झालीय.

स्कोप शिकायची सगळ्यात चांगली जागा मला विचाराल तर क्वालिटी सर्कल, म्हणजे एकाच जागी काम करणाऱ्यांचा आपल्या कामातले प्रश्न सोडवणारा छोटा गट. जपानमध्ये १९६२ साली सुरू झालेली ही पद्धत भारतात १९८० साली भेलच्या हैदराबादच्या कारखान्यात आली आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाली. सर्कलमधली माणसं स्वतःच्या जागेवरचाच विषय निवडतात, त्यामुळे हद्द बेताचीच राहते आणि काम पुरं होतं. तुमच्या कंपनीत सर्कल असेल तर मीटिंगला मागे बसून ऐका. वर सांगितलेले सेटर काका तिथलेच.

सर्टिफिकेटांबद्दल मला बरेच जण विचारतात. सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट करायचा असेल तर प्रत्यक्ष प्रोजेक्ट करायला लावणारा कोर्स निवडा, फक्त परीक्षेवर मिळणाऱ्याच्या नादी लागू नका. भारतीय सांख्यिकी संस्थेचं एसक्यूसी अँड ओआर (सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण आणि ऑपरेशन्स रिसर्च) युनिट पुण्यातही आहे, आकडेवारी नीट शिकायची असेल तर त्यांच्या प्रशिक्षणांची चौकशी जरूर करा. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमपी सर्टिफिकेटला अनुभवाची अट असते, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत त्याची घाई नको. आणि इंटरव्ह्यूची तयारी करताना प्रोजेक्टचं बचतीचं स्लाइड पाठ करण्याआधी चार्टर पुन्हा वाचा. मी समोर बसतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "तुमच्या प्रोजेक्टच्या बाहेर काय ठेवलं होतं, आणि ते कोणी मान्य केलं?" याचं उत्तर मशीन नंबर, ऑपरेशन आणि माणसाच्या हुद्द्यासकट आलं, तर पुढचा अर्धा तास आमच्या चांगल्या गप्पा होतात.