हातात कॅमेरा देण्याआधी मुलांना खोलीचाच कॅमेरा करून दाखवा

प्रकाश आपणहून चित्र काढतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की मुलं कॅमेऱ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागतात. खोलीत पूर्ण अंधार करून खिडकीवरच्या कागदात एकच भोक ठेवलं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उमटतं. त्यासाठी पुण्यातल्या साध्या फ्लॅटमधली एक बेडरूम आणि सुटीची एक सकाळ पुरते.

आधी खिडकी नीट निवडा, कारण निम्मे प्रयोग इथेच फसतात. खिडकीत ऊन यायला नको, समोरच्या दृश्यावर पडायला हवं. म्हणून सकाळी साडेआठ ते साडेदहा पश्चिमेची खिडकी घ्या आणि दुपारी चारनंतर पूर्वेची. भर दुपारी ऊन गच्च्यांवर पडतं, भिंतींवर नाही, त्यामुळे चित्र मरगळलेलं दिसतं. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

काचेवर जाड काळा कार्डपेपर लावा. तो कमी पडला तर खोक्याचा पुठ्ठा चालतो, पण सांधे काळ्या टेपनं दोनदा चिकटवा. सरकत्या खिडकीच्या रुळातून आणि दाराखालच्या फटीतून हमखास उजेड झिरपतो, तिथे जुनी चादर कोंबा. पंखा बंद ठेवा, नाहीतर कागद फडफडतो.

मग काचेवरच्या कागदात, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, १२ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. समोरची पांढरी भिंत ३ मीटरवर असेल, तर ३० मीटर लांबची १५ मीटर उंच इमारत भिंतीवर दीड मीटरची, उलटी उमटते. पहिल्या मिनिटात काहीच दिसणार नाही. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ मुलांना थोपवून धरा. आता त्याच भोकावर पंचिंग मशीननं पाडलेलं सुमारे ६ मिलिमीटरचं भोक असलेला कागद ठेवा. चित्र रेखीव होतं, पण उजेड चौपट कमी होतो. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, अर्थात कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारं भोक लहान-मोठं केल्यानं काय होतं, हे यापेक्षा सोपं करून सांगता येत नाही.

दुकानाची पाटी भिंतीवर वाचता येत नाही. तिथलं चित्र उलटं आणि आरशातल्यासारखंही असतं, म्हणून शीर्षासन करूनही उपयोग नाही. भोकाकडे तोंड करून मधे बटर पेपर धरा. त्यावरचं चित्र फक्त उलटं असतं, वाकून पायांमधून पाहिलं की अक्षरं लागतात. मुलं हे तासभर करत राहतात, करू द्या.

फोकस शिकवायचा असेल तर चष्म्याच्या दुकानातून प्लस ०.५० नंबरची न कापलेली काच आणा, सिलिंडर नंबर नसलेली. भोक ३० मिलिमीटरचं करून ती त्यावर टेपनं बसवा. तिचं केंद्रांतर २ मीटर असतं, म्हणून दूरच्या टेकडीचं चित्र कागद २ मीटरवर धरल्यावर स्पष्ट येतं. ६ मीटरवरच्या झाडासाठी मात्र कागद ३ मीटरपर्यंत मागे न्यावा लागतो. कागद मुलांच्या हातात द्या, आपण फक्त कडा धरा. भोकातून किंवा काचेतून सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे आधीच बजावा.

भिंतीवरच्या चित्राचा फोटोही निघतो. फोन स्टुलावर पुस्तकांना टेकवून ठेवा, प्रो मोडमध्ये (जिथे कॅमेऱ्याच्या सेटिंग हातानं बदलता येतात) आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० ठेवा, शटर ४ सेकंद उघडं ठेवा आणि टायमर लावा. १२ मिलिमीटरच्या भोकाला एवढं पुरतं, फोटो काळा आला तर ८ सेकंद करून पाहा. नंतर तो १८० अंशांत फिरवा आणि डावं-उजवं पलटा.

त्याच आठवड्यात खरा कॅमेरा द्या, उत्सुकता ताजी असते. कपाटात जुना अ‍ॅग्फा क्लिक ३ हा फिल्मचा कॅमेरा असेल तर फारच छान: त्याच्या ‘१२०’ प्रकारच्या एका फिल्म रोलवर फक्त बारा फोटो बसतात, त्यामुळे आधी बघायचं आणि मग दाबायचं ही सवय लागते. तो नसेल तर फोनवरही दिवसाला बाराच फोटो, हा नियम ठेवा.